ब्रिटनमधील एम.रेस. : शिकवणी कशी चालते आणि गुण कशाचे मिळतात

एम.रेस., म्हणजे मास्टर ऑफ रिसर्च, ही पदवी ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली. त्याआधी १९९३ मध्ये तिथल्या सरकारने विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाची श्वेतपत्रिका काढली होती, आणि पीएच.डी.ला लागण्यापूर्वी विद्यार्थ्याला संशोधनाचे रीतसर प्रशिक्षण देणारी एक पदव्युत्तर पदवी असावी, असा विचार तीत मांडला होता. आपल्याकडे हे काम बरीच वर्षे एम.फिल. करत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीने एम.फिल. बंद केल्यावर, पीएच.डी.आधी एखादे वर्ष संशोधनात हात बसवून घ्यावा असे वाटणाऱ्या विद्यार्थ्यापुढे जे परदेशी पर्याय येतात त्यांत एम.रेस. हमखास असते.

विद्यापीठांची माहितीपत्रके काय शिकवले जाईल ते रंगवून सांगतात. गुण कसे दिले जातील हे मात्र वेगळ्या नियमावलीत असते आणि ती बहुतेक विद्यार्थी पहिला निकाल हाती आल्यावर उघडतात. हा क्रम उलटा करावा. प्रवेश घेण्यापूर्वीच मूल्यमापनाची नियमावली वाचावी, कारण या पदवीत शिकवणे थोडे आणि तपासणे फार असते, आणि जे तपासले जाते ते तुम्ही काय शोधून काढले याहून अधिक, तो शोध घेताना केलेली प्रत्येक निवड का केली हे असते.

नावावर जाऊ नये, श्रेयांक मोजावेत

ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची, असते. एका श्रेयांकाला साधारण १० तासांचे काम धरतात, म्हणजे वर्षभरात १८०० तास. युरोपीय पद्धतीत हेच ९० श्रेयांक होतात. नेहमीच्या एम.एससी.त किंवा एम.ए.त १२० श्रेयांक शिकवल्या जाणाऱ्या विषयांचे आणि ६० डिझर्टेशनचे, म्हणजे शेवटी लिहायच्या संशोधन प्रबंधाचे, असतात. एम.रेस.मध्ये हे प्रमाण बहुधा उलटते : ६० श्रेयांकांचे विषय आणि १२० श्रेयांकांचे संशोधन. काही ठिकाणी विभागणी ८० आणि १०० अशी असते, तर जीवशास्त्रासारख्या विषयांत एका मोठ्या प्रकल्पाऐवजी पाच-पाच महिन्यांचे दोन प्रकल्प वेगवेगळ्या प्रयोगशाळांत करावे लागतात.

या उलट्या प्रमाणाचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. शिक्षण अर्ध्यावर सुटले किंवा डिझर्टेशन नापास झाले, तर मिळवलेल्या श्रेयांकांवर छोटी पात्रता घेऊन बाहेर पडता येते : ६० श्रेयांकांवर पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका. एम.एससी.च्या विद्यार्थ्याचे डिझर्टेशन फसले तरी त्याच्या हाती पदविका राहते, एम.रेस.वाल्याच्या हाती फक्त प्रमाणपत्र. म्हणजे या पदवीचा जवळजवळ सगळा भार एकाच कामावर असतो, आणि ज्याने आजवर स्वतंत्रपणे काही लिहिलेलेच नाही त्याने हे लक्षात घेऊन अर्ज करावा.

नावांचाही घोळ आहे. एम.रेस., एम.ए. बाय रिसर्च, एम.एससी. बाय रिसर्च आणि एम.फिल. ही नावे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या परीने वापरते. ऑक्सफर्डचे एम.फिल. दोन वर्षांचे आणि मुख्यतः शिकवले जाणारे आहे. इतर बहुतेक विद्यापीठांत एम.फिल. म्हणजे निव्वळ प्रबंध आणि तोंडी परीक्षा. म्हणून प्रवेश कार्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारावा : ही पदवी शिकवल्या जाणाऱ्या पदव्यांच्या नियमांखाली येते की संशोधन पदव्यांच्या? पहिल्या प्रकारात टक्के मिळतात आणि पास, मेरिट, डिस्टिंक्शन असे वर्ग लागतात. दुसऱ्या प्रकारात वर्ग नसतो. अंतर्गत आणि बाह्य परीक्षक प्रबंध वाचून तोंडी परीक्षा घेतात आणि उत्तीर्ण, किरकोळ दुरुस्त्यांसह उत्तीर्ण, मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा सादर करा, किंवा अनुत्तीर्ण, अशांपैकी एक शिफारस करतात. एम.रेस. बहुधा पहिल्या प्रकारात मोडते.

कुटुंब बरोबर नेण्याचा विचार असेल तर ही मोजणी आणखी महत्त्वाची ठरते. जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मुले सोबत नेण्याची मुभा, सरकारी शिष्यवृत्तीसारखे मोजके अपवाद सोडता, पीएच.डी. आणि संशोधनाधारित उच्च पदव्यांपुरतीच उरली आहे. संशोधनाचा भाग शिकवण्याच्या भागापेक्षा मोठा असणे ही त्यातली अट आहे. एम.रेस. या नावावरून ती पूर्ण होते असे गृहीत धरू नये. आपला अभ्यासक्रम तीत बसतो का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

वर्गात काय होते

वर्ष सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होते. विषय १५, २० किंवा ३० श्रेयांकांचे असतात. २० श्रेयांकांच्या विषयाचे काम २०० तासांचे. पण त्यातले वर्गातले तास वीस-तीसच्या आसपास असतात आणि बाकीचा वेळ तुमचा, म्हणजे वाचनाचा. आठवड्यातून दोन दिवस वर्ग आणि तीन दिवस मोकळे असे वेळापत्रक पाहून आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला सुटी लागल्यासारखे वाटते. ते मोकळे दिवस दर विषयाला दोन-तीन शोधनिबंध काळजीपूर्वक वाचण्यासाठी आहेत, आणि सेमिनारमध्ये ते वाचले आहेत असे धरूनच चर्चा सुरू होते. शिक्षक निबंधाचा सारांश सांगत बसत नाहीत. लेखकाने हाच नमुना का घेतला, हा निष्कर्ष आकडेवारीतून खरेच निघतो का, दुसरे स्पष्टीकरण संभवते का, असे प्रश्न येतात आणि गप्प बसणाऱ्याकडेही एखादा वळतोच.

विषय मुख्यतः पद्धतीचे असतात : संशोधनाची रचना, संख्यात्मक विश्लेषण, गुणात्मक पद्धती, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनाची नीती, आणि एखादा खास विषय. सामाजिक शास्त्रांत ‘एक अधिक तीन’ या रचनेत, म्हणजे एक वर्ष पदव्युत्तर आणि पुढे तीन किंवा त्याहून थोडी अधिक वर्षे पीएच.डी., पहिले वर्ष हेच असते. तीन तासांची लेखी परीक्षा क्वचितच. तिच्या जागी संशोधन आराखडा, आढावा निबंध, दिलेल्या आकडेवारीचे विश्लेषण, पोस्टर किंवा पंधरा मिनिटांचे सादरीकरण असते. यांतली काही कामे फक्त अभिप्रायासाठी असतात, त्यांचे गुण निकालात धरत नाहीत. अशी कामे टाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण परीक्षकाच्या अपेक्षा गुण न गमावता समजून घेण्याची संधी तेवढीच असते, म्हणून ती कामे पहिल्यांदा आणि मनापासून करावीत.

साठ गुण म्हणजे किती

पदव्युत्तर पातळीवर ५० गुणांना पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन, ही पट्टी बहुतेक विद्यापीठांत सारखीच आहे. १०० पैकी १०० प्रत्यक्षात कोणाला मिळत नाहीत आणि ८० च्या वर गुण जाणे ही विभागात बोलण्यासारखी गोष्ट असते. बारावीपासून ८५-९० टक्क्यांची सवय असलेल्या मुलाला पहिल्या निबंधात ६२ मिळाले की तो घरी सांगायलाच कचरतो. प्रत्यक्षात ते काम चांगल्या पातळीचे असते.

५५ आणि ६८ यांत फरक कशाने पडतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा एका विद्यार्थिनीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांतील मुलांचे शिक्षण हा विषय घेतला. तिने पद्धतीच्या प्रकरणात असे लिहिले : ‘या अभ्यासासाठी गुणात्मक पद्धत वापरली. बारा पालकांच्या अर्धसंरचित मुलाखती घेतल्या, कारण अशा मुलाखतींतून सखोल माहिती मिळते.’ यात चूक काही नाही. पण हे वाक्य कोणत्याही विषयावरच्या कोणत्याही प्रबंधात चालून जाईल, आणि म्हणून ते पन्नाशीत राहते.

आता हेच असे लिहिले तर : ‘बारा पालक निवडताना मुकादमांकडची यादी वापरली नाही, कारण मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कुटुंब त्याच्या ओळखीने आलेल्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलेल याची खात्री नव्हती. त्याऐवजी शाळेच्या हजेरीपटावरून नावे काढली. त्यामुळे ज्यांची मुले शाळेत कधी दाखलच झाली नाहीत अशी कुटुंबे नमुन्यातून सुटली, आणि पाचव्या प्रकरणातील निष्कर्ष त्या कुटुंबांना लागू करता येणार नाहीत.’ इथे एक निवड आहे, तिचे कारण आहे, तिची किंमत आहे, आणि ती किंमत निष्कर्षात कुठे मोजली तेही आहे. परीक्षकाने बीड पाहिलेले नसले तरी विद्यार्थिनीला आपले क्षेत्र कळते हे त्याला कळते. गुणदान निकषांत चिकित्सक विचार, पद्धतीचे समर्थन आणि मर्यादांची जाण अशा शब्दांत जे मोघमपणे लिहिलेले असते ते प्रत्यक्षात हेच.

यातून आणखी एक गोष्ट निघते. प्रयोग अपेक्षेप्रमाणे न लागणे किंवा गृहीतक खोटे ठरणे यामुळे गुण जात नाहीत. का लागला नाही याची छाननी न करता पुढे जाण्याने जातात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी फसलेल्या फेऱ्यांच्याही नोंदी त्याच दिवशी, तारखेसह ठेवाव्यात. डिझर्टेशनचे चर्चा प्रकरण पुष्कळदा त्यांच्यातूनच उभे राहते.

डिझर्टेशन : कामाची आखणी

विषय नोव्हेंबरमध्येच अरुंद करायला घ्यावा. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. ‘हंगामात गावी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या आणि आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर गेलेल्या मुलांच्या हजेरीत दोन गावांमध्ये काय फरक दिसतो’ हा प्रश्न झाला. याचे उत्तर शोधण्यासाठी कोणते कागद आणि कोणती माणसे लागतील हे त्यातून लगेच कळते. प्रश्न वाचून तसे कळत नसेल तर तो अजून अरुंद करायचा आहे असे समजावे.

त्यानंतर कॅलेंडर पाहावे, आणि भारतात क्षेत्रकाम करणाऱ्याने तर दोन कॅलेंडरे शेजारी ठेवावीत. ब्रिटनमध्ये वर्ग मार्च-एप्रिलपर्यंत चालतात आणि संशोधनासाठी मोकळा वेळ मे ते ऑगस्ट मिळतो. ऊसतोड मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलमध्ये संपते. वरच्या विद्यार्थिनीला मे महिन्यात कुटुंबे गावात भेटतील, पण कारखान्याच्या तळावरच्या कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पाहायला मिळणार नाहीत, आणि मे महिन्यात शाळेला सुटी असल्याने हजेरीपट पाहण्यासाठी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावे लागेल. असा हंगाम हुकत असेल तर प्रश्न बदलावा किंवा आठवणींवर आधारित मुलाखती घेत असल्याचे उघड सांगून त्याच्या मर्यादा लिहाव्यात. जुलैमध्ये हे लक्षात आले तर करण्यासारखे फारसे उरत नाही.

माणसांशी संबंध येणाऱ्या कोणत्याही कामाला विद्यापीठाच्या नीती समितीची मंजुरी लागते आणि ती मिळण्याआधी गोळा केलेली माहिती वापरता येत नाही. या नियमाला अपवाद करत नाहीत. लहान मुलांशी बोलायचे असेल तर अर्ज बहुधा अधिक कडक छाननीकडे जातो. पालकांची संमती, मुलाची स्वतःची तयारी, आणि त्रास होईल असे काही समोर आले तर काय करणार, हे सगळे लिहून द्यावे लागते. संमतीपत्र मराठीत आणि सही करणाऱ्याला समजेल अशा बोलीच्या जवळचे असावे. वाचता न येणाऱ्यांसाठी ते वाचून दाखवून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची सोय अर्जातच मागावी. परदेशातील क्षेत्रकामासाठी धोक्यांच्या मूल्यांकनाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, मग ते परदेश म्हणजे तुमचे स्वतःचे गाव का असेना. दुरुस्त्यांसाठी अर्ज परत येईल हे धरून तो फेब्रुवारीतच द्यावा.

मराठीत मुलाखती घेणाऱ्याचे काम दुप्पट असते हेही आखणीत धरावे. एक तासाची मुलाखत उतरवून काढायला चार ते सहा तास सहज जातात, आणि भाषांतर त्यावर वेगळे. सगळे भाषांतर करत बसू नये : विश्लेषण मूळ मराठीवर करावे, ज्या उताऱ्यांचा आधार घ्यायचा तेवढेच इंग्रजीत आणावेत, आणि हे असे का केले ते पद्धतीच्या प्रकरणात लिहावे.

शब्दमर्यादा मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत साधारण १५ ते ३० हजार शब्दांची असते, प्रयोगशाळेतील विषयांत बरीच कमी. तळटीपा, तक्ते आणि परिशिष्टे मोजतात की नाही हे विभागागणिक बदलते. परिशिष्ट वाचण्याचे बंधन परीक्षकावर नसते. म्हणून युक्तिवादाला आवश्यक असलेली कोणतीही गोष्ट तिकडे ढकलू नये.

सुपरवायझरकडून काय घ्यावे

भेटी किती होणार आणि सुपरवायझर, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, किती मजकूर वाचून देणार, हे बहुधा ठरलेले असते. पुष्कळ ठिकाणी एखाद्या प्रकरणाचा एकच खर्डा वाचतात आणि पूर्ण डिझर्टेशन वाचत नाहीत. म्हणून पहिला खर्डा सोप्या प्रकरणाचा न देता ज्यात आपल्याला शंका आहे त्या प्रकरणाचा द्यावा. भेटीच्या दोन दिवस आधी तीन-चार प्रश्न ईमेलने पाठवावेत आणि भेटीनंतर काय ठरले ते चार ओळींत लिहून कळवावे. पुढे मतभेद झालाच तर हा पत्रव्यवहार उपयोगी पडतो. ऑगस्टमध्ये बरेच जण दोन-तीन आठवडे रजेवर जातात. त्या तारखा मे महिन्यातच विचारून घ्याव्यात.

तिकडे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. त्याची सवय व्हायला आपल्या मुलांना वेळ लागतो आणि तोवर एखादे ‘सर’ तोंडून गेले तरी बिघडत नाही. त्याच आदरापोटी सुपरवायझरच्या प्रत्येक सूचनेला मान डोलावणे मात्र महागात पडते. सूचना पटली नाही तर का पटली नाही ते सांगावे. ती न स्वीकारण्याचे कारण डिझर्टेशनमध्ये नीट मांडले तर त्याचेही गुण असतात.

तपासणी, उशीर आणि दाद मागणे

डिझर्टेशन ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये सादर होते. दोन परीक्षक ते तपासतात. काही विद्यापीठांत सुपरवायझर त्यांपैकी एक असतो, काहींत त्याला मुद्दाम वगळतात. दोघांच्या गुणांत फार अंतर पडले तर तिसऱ्याकडे जाते. दुसऱ्या विद्यापीठातला बाह्य परीक्षक सगळी कामे तपासत नाही, निवडक कामे पाहून गुणदानाची पातळी योग्य आहे का ते सांगतो. परीक्षक मंडळाची बैठक होईपर्यंत कळवलेले सगळे गुण तात्पुरते असतात.

उशिराचा दंड ठरलेला असतो : कुठे दर दिवशी ५ गुण, कुठे १०, आणि ठरावीक दिवसांनंतर शून्य. आजारपण किंवा घरातले संकट आले तर मुदतवाढीचा अर्ज पुराव्यासह मुदत संपण्यापूर्वी करावा. निकाल लागल्यावर सांगितलेले कारण क्वचितच ऐकले जाते. एखादा विषय ४० ते ४९ गुणांत अडकला तर काही विद्यापीठे तो इतर विषयांच्या जोरावर सांभाळून घेतात, पण डिझर्टेशनला ही सवलत नसते. ते एकदा पुन्हा सादर करता येते आणि तेव्हा बहुधा जास्तीत जास्त ५० गुण मिळतात.

सगळे लेखन साम्य तपासणाऱ्या प्रणालीतून जाते. साम्याचा टक्का म्हणजे चोरीचा टक्का नव्हे. अहवाल माणूस वाचतो आणि अवतरणे, संदर्भ वगळून पाहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कुठवर चालतील हे प्रत्येक विषयाच्या सूचनांत दिलेले असते. शंका आल्यास विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याच लेखनावर प्रश्न विचारतात, म्हणून टिपणे आणि आधीचे खर्डे तारखेसह जपून ठेवावेत.

गुण कमी वाटतात म्हणून अपील करता येत नाही. परीक्षकाच्या विद्याविषयक निर्णयाला आव्हान देता येत नाही. कार्यपद्धतीत चूक झाली, पक्षपात झाला किंवा संकटाचा विचार झाला नाही, एवढ्याच कारणांवर दाद मागता येते. विद्यापीठातले मार्ग संपल्यावर इंग्लंड आणि वेल्समधील विद्यार्थी ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर या स्वतंत्र यंत्रणेकडे जाऊ शकतो, पण तीही गुण पुन्हा देत नाही.

भारतात परत येताना

भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि एक वर्षाच्या ब्रिटिश पदव्युत्तर पदवीचा प्रश्न बराचसा सुटला; अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, वास्तुरचना आणि कायदा यांच्या व्यावसायिक पदव्या मात्र त्या कराराबाहेर आहेत. समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियमावली काढली आहे.

अडचण येते ती टक्क्यांची. भारतात पीएच.डी. प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे. ब्रिटनमध्ये ५२ गुणांना पदवी मिळते आणि तिकडे त्याला कोणी नावे ठेवत नाही. इकडच्या खिडकीवरचा कारकून मात्र तो आकडा जसाच्या तसा वाचतो. म्हणून विद्यापीठ सोडण्यापूर्वी प्रमाणपत्र आणि गुणपत्रक यांखेरीज तीन कागद मागून घ्यावेत : ५०, ६० आणि ७० गुणांचा अर्थ सांगणारे गुणपट्टीचे अधिकृत पत्र, पदवीतील संशोधनाचे आणि शिकवलेल्या विषयांचे श्रेयांक वेगळे दाखवणारे विवरण, आणि शिक्षण पूर्णवेळ व प्रत्यक्ष उपस्थितीने झाल्याचा दाखला. हे कागद विद्यार्थी तिथे असताना लवकर मिळतात. परत आल्यावर त्याच पत्रांसाठी ईमेल करत बसावे लागते आणि तोवर इकडची अर्जाची मुदत निघून जाते.